नावाचा रकाना

कचेरीला दोन खिडक्या. एक बंद असते,
वाइल्डा निवृत्त झाली तेव्हापासून.
दुसरीत मी. जन्म, मृत्यू, लग्नं, कुत्र्यांचे परवाने,
सगळं माझ्याकडंच.
जेवायला जाताना काचेवर पुठ्ठ्याचं घड्याळ अडकवते.
त्याचा लहान काटा तुटलाय,
त्यामुळं किती वाजता परतणार
हे काउंटीत कुणालाच कळत नाही.

एमरी स्टाउट आला फेब्रुवारीत,
बुटांचा बर्फ पायपुसण्यावर नीट झाडून.
वय त्र्याऐंशी, असं तो म्हणतो.
गाडीचं लायसन संपलंय. फोनवर कुणा पोरीनं विचारलं,
जन्माचा दाखला आहे का?
हा म्हणाला, मी जन्मलोय, तेवढं पुरत नाही?
नाही पुरत.

फॉर्म भरताना आईच्या माहेरच्या आडनावाशी अडला.
समोरच्या धान्यकोठाराकडं बघत राहिला बराच वेळ.
'क्रीगर. का क्रूगर. तिचा बाप एक लिहायचा, मास्तर दुसरं.'
दोन्ही लिहा म्हटलं,
रकाना लहान आहे, अक्षर बारीक काढा.

रजिस्टरं तळघरात, बॉयलरच्या मागं.
एक्केचाळीस सालचं सुतळीनं बांधलेलं,
उंदरांनी त्यातला ऑगस्ट खाल्लाय.
याचं नशीब, हा जानेवारीतला.

स्टाउट. मुलगा. जिवंत.
सुईण: हुल्डा ब्रेकवेल.
आणि नावाचा रकाना कोरा.

समासात पेन्सिलीनं: दोन कोंबड्या ठरल्या, एक पोचली.
ही ओळ त्यानं मला दोनदा वाचायला लावली.
हसला नाही.
'म्हणजे अर्धा मी अजून उधारीवर.'

आता नाव सिद्ध करायचं.
शाळेचा दाखला, चर्चची नोंद, नाहीतर
तुमच्याहून वयानं मोठं असं कुणीतरी
जे शपथेवर सांगेल की हे तुम्हीच.
शाळेच्या जागी आता मका आहे.
चर्चचे कागद कुणाच्या तरी पोटमाळ्यावर.
मोठं माणूस उरलंय एकच, ओपल ट्रिमेन,
वृद्धाश्रमात, खिडकीजवळच्या खाटेवर.
तिनं थरथरत लिहून दिलं:
मी याला स्किप म्हणते. बाकीचे काय म्हणतात ते त्यांना विचारा.

सगळ्या गावानं त्याला नावं ठेवली,
कुंपणावरून, दोन बायकांवरून, विकलेल्या पाणथळ तुकड्यावरून.
नाव तेवढं कुणी ठेवलं नव्हतं,
निदान कागदावर.

मधल्या काळात मी आधीची पानं चाळली होती.
माझं काम नव्हतं ते.
सदतीस साली स्टाउट, मुलगी. एकोणचाळीसला स्टाउट, मुलगा.
त्यांचे रकाने भरलेले, काळ्या शाईत, टोकदार अक्षरात:
लीओना. हार्लन.
मृत्यूच्या वहीत तीच नावं, तेच अक्षर,
मध्ये अकरा दिवस, आणि तीन आठवडे.
तिसऱ्या वेळी त्या बाईनं
पेन हातात घेतलं नसावं
बर्फ वितळेपर्यंत.
मग पेरणी आली असेल. राहून गेलं असेल.

त्याला सांगावं की नाही, मी ठरवलं नव्हतं.
पण रजिस्टर उघडंच होतं खिडकीत
आणि त्याची नजर अजून चांगली आहे.
'मला लीओनाच माहीत होती,' म्हणाला.
टोपी काढली, पुन्हा घातली.

दाखला एप्रिलात आला, उठावदार शिक्क्याचा.
त्यानं अंगठ्यानं शिक्का चाचपला,
मेंढीची लोकर बघावी तसा.
पैसे मोजले. गेला नाही.
'त्या दोघांचेही मिळतील?'
मिळतील. प्रत्येकी वेगळी फी.
'नावं छापून येतात?'
येतात.

दोन फॉर्म दिले. अर्जदाराचं नातं: भाऊ.
दाखला कशासाठी हवा, इथं पेन टेकवलं
आणि उचललं.
एक निळा ठिपका राहिला.
एरवी मी तसा फॉर्म परत करते, कुणाचाही असो,
पाद्र्याचासुद्धा केलाय.
हे दोन शिक्का मारून पाठवून दिले.

विचारायला फोन येईल वरून, आज ना उद्या.
आता वाजतोय तो तोच असेल.
मी घड्याळ अडकवते काचेला.